दहा चौकोन

शहाऐंशी साली तिसऱ्या मजल्यावरून एक टेपरेकॉर्डर चोरीला गेला आणि आमच्या मुलुंडच्या सोसायटीला एकदम अक्कल आली. इमारतीत येणाऱ्या सातही कामवाल्यांच्या दहा-दहा बोटांचे ठसे घ्यायचे ठरले. सेक्रेटरी आमचे हे. परक्या बायकांची बोटं पुरुषाने धरणं बरं दिसत नाही, म्हणून धरायला मी. सभ्यतेची आमच्याकडे फार काळजी घेतात.

"बायकांना काय सांगू?"

"गेटपाससाठी म्हण," हे म्हणाले.

मी तेच सांगितलं. काचेवर शाई पसरली. एकेक बोट धरायचं, शाईवर लोळवायचं, कागदावरच्या चौकोनात टेकवायचं. प्रत्येकीचे दोन कागद.

"वहिनी, कासारणीवानी हात दाबताव गो तुम्ही," शेवंती म्हणाली. सगळ्या हसल्या.

नंदा हसली नाही. ती आमच्याकडे भांडी घासायची. सातवी पास, कुठेही सहीच करायची.

"पासला सही पुरते ना, वहिनी? दहा बोटं कशाला?"

"अगं, सगळ्या देतायत."

"ते दिसतंय मला. कशाला, ते विचारतेय. आणि खाली इंग्लिशमध्ये काय लिहिलंय?"

माझं इंग्रजी दुकानांच्या पाट्यांपुरतं. पण कामवालीसमोर 'मला येत नाही' म्हणायला जीभ वळेना. म्हटलं, "पासचंच आहे. माझ्यावर विश्वास नाही का?"

तिने हात पुढे केला.

पंधरवड्याने चौकीवरून बोलावणं आलं. सातही जणींना दिवसभर बाकावर बसवून ठेवलं. ठसे एकीचेही जुळले नाहीत. "असू देत रेकॉर्डला," म्हणून प्रत्येकीचा एक कागद तिथेच राहिला.

दुसऱ्या दिवशी नंदा उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. "माझे कागद द्या, वहिनी."

"ज्याच्या मनात पाप नाही, त्याला कसली भीती?" आतून हे म्हणाले.

"मग साहेब, तुमची बोटं कुणी घेतली?"

ह्यांनी पेपर वर धरला. मी सोसायटीच्या फाइलमधला तिचा कागद काढून आणला. तिने आत येऊन तो ह्यांच्यापुढे केला.

"खाली काय आहे, ते आता तरी वाचा."

हे वाचतील असं वाटलं नव्हतं. वाचलं. "पोलीस तपासासाठी मी हे ठसे राजीखुशीने देत आहे."

"असं लिहिलं होतं?" मी विचारलं. नंदा माझ्याकडे वळली. "इंग्लिश वाचता येत नाही म्हणाला असतात, तर दुसऱ्या कुणाकडून वाचून घेतलं असतं मी. एवढंच बोलायचं होतं तुम्ही." कागद घडी करून तिने ब्लाउजमध्ये ठेवला. "दुसरा आणा. मग येते कामाला."

चौकीवर मी तीनदा जाऊन आले. तिसऱ्या खेपेला हवालदाराने खुर्ची दिली, चहासुद्धा मागवला. म्हणाला, "बाई, तुम्हाला कसा देणार? तिने स्वतः अर्ज करायचा. आणि ती तीच आहे हे पटवायला दहा बोटांचे ठसे परत द्यायचे."

नंदाला जाऊन हे सांगायचं धाडस माझं अजून झालेलं नाही.