चवळीखाऊंची भावकी

झुमाना कुलिबालीने निळ्या कापडात कात्री घातली आणि ती मध्येच थांबली, कारण रस्त्यापलीकडून फामारा केइताने त्याची अदबीने विचारपूस केली होती.

"सलाम, कुलिबाली. रात्र सुखात गेली ना? घरची मंडळी बरी आहेत ना?"

झुमानाने मागे वळून पाहिलं. दुकानात दुसरा कुणी कुलिबाली नव्हता.

सेगू शहरातल्या त्या गल्लीत एका बाजूला झुमानाचं शिलाईचं दुकान आणि समोर फामाराचं केस कापायचं. दोघांचे केस पिकले, पण सकाळ कधी चुकली नाही. फामाराने फळी उघडताना ओरडायचं, "ए चवळीखाऊ, मेला नाहीस का अजून?" आणि झुमानाने उत्तर द्यायचं, "मालकाशी नीट बोल, गुलामा." केइता आणि कुलिबाली या दोन घराण्यांची ही थट्टेची भावकी. ती पणजोबांच्याही आधीपासून चालत आलेली. एकमेकांना गुलाम म्हणायचं, चवळी खाऊन वारा सोडणारा म्हणायचं आणि कुणी रागवायचं नाही. उलट या भावकीतल्या माणसाने हक्काने काही मागितलं, तर त्याला नाही म्हणायची सोय नाही. अशा माणसाने एकाएकी घरच्या मंडळींची चौकशी करावी, म्हणजे काहीतरी भयंकर घडलेलं असणार.

झुमाना कापड तसंच टाकून उठला. फामाराची बायको सितान दुकानाबाहेर भजी तळत होती.

"वहिनी, माझं काही चुकलं का?"

"तुमचं कसलं चुकतंय, भावजी," सितानने झारा कढईवर आपटला. "परवा बामाकोच्या मोठ्या इस्पितळात जायचंय. पोटात गाठ आहे, कापून काढायची म्हणतात. डॉक्टरांनी सांगितलं, साधं काम आहे. पण ह्यांनी मनाशी ठरवूनच टाकलंय की आता परत यायचं नाही. सगळ्या गल्लीची माफी मागत फिरताहेत. काल शेजारच्या बोकडालासुद्धा म्हणाले, चुकलंमाकलं असेल तर पोटात घाल."

"बोकड काय म्हणाला?"

सितानला हसू आलं, आणि मग तिने पदर डोळ्यांना लावला.

झुमाना आत गेला. फामारा आरशासमोरच्या खुर्चीत स्वतःच बसला होता, गिऱ्हाइकासारखा. त्याचा चेहरा उतरला होता.

"बस, कुलिबाली," तो म्हणाला. "आजवर माझ्या तोंडून तुला जे वेडंवाकडं गेलं असेल, ते सगळं माफ कर."

"माफ? अरे, माझ्या कमाईत तेवढंच आहे. त्यातली एकही शिवी मी परत देणार नाही."

फामाराने मान खाली घातली. एरवी एवढ्यावर त्याने झुमानाचा अख्खा वंश काढला असता. झुमाना हात हलवत बाहेर आला. त्याला मित्राचा राग आला होता आणि त्याहून जास्त भीती वाटत होती.

निघायच्या दिवशी सकाळी फामारा आणि सितान बसथांब्यावर आले, तर बसच्या दारासमोर धुळीत चटई अंथरून झुमाना उताणा पडलेला. अंगावर मयतीला घालायचा पांढरा झगा. थट्टेच्या भावकीतला कुणी मेला की खणलेल्या कबरीत असंच आडवं पडायचं आणि मागितलेलं पदरात पडेपर्यंत उठायचं नाही, ही रीत. पण तिथे मयत असतं. इथे ज्याला मयत म्हणायचं, तो फामारा हातात तिकीट घेऊन उभा होता.

"म्हाताऱ्या, ऊठ! चाक जाईल अंगावरून," ड्रायव्हर ओरडला.

"नाही उठत. मी कुलिबाली आहे, आणि हा केइता."

"असं होय," ड्रायव्हर म्हणाला आणि त्याने इंजिन बंद केलं. "मग आटपा तुमचं सावकाश."

प्रवासी खिडक्यांतून डोकावू लागले. फामारा कानकोंडा झाला.

"काय हवंय तुला, झुमाना?"

"मी मरेन तेव्हा माझ्या कबरीत आडवं पडायला तू यायचं. माझी चाल करून दाखवायची, माझ्या घोरण्याची नक्कल करायची, आणि बायका रडायच्या ऐवजी पोट धरून हसल्या पाहिजेत."

"मला कसं जमणार? दुसरा कुणी केइता बघ."

"दुसऱ्याला माझं घोरणं कुठे ठाऊक आहे? मी हक्काने मागतोय, गुलामा. नाही म्हणून दाखव."

फामाराने आकाशाकडे पाहिलं, मग सितानकडे, मग चटईकडे. नाही म्हणता येत नव्हतं. हो म्हणायचं तर जगणं भाग होतं.

"तू मरणार कधी?" त्याने बारीक आवाजात विचारलं.

"मला काही घाई नाही."

फामाराने वाकून त्याला हात दिला. तो बसमध्ये चढला, पण शिवी काही दिली नाही. बस गेली तरी झुमाना धुळीत उभाच होता.

पुढचे दिवस वाईट गेले. निळं कापड अर्धवट कापलेलं तसंच पडून राहिलं. ज्याचं होतं तो दोनदा भांडून गेला. समोरची फळी बंद, आणि सकाळी रस्ता इतका शांत की झुमानाला ती शांतता सोसवेना.

एका दुपारी फोन वाजला. आवाज खोल गेलेला, दमलेला होता.

"चवळीखाऊ, मेलास का रे?"

झुमानाने झग्याच्या बाहीने नाक पुसलं.

"अजून नाही," तो म्हणाला.

"इथला कापणारा डॉक्टरही कुलिबालीच निघाला बघ. मला झोपवायच्या आधी म्हणतो कसा, गुलामा, पोटात चवळी सापडली तर सगळ्या इस्पितळात सांगेन. अरे, हसता हसता झोप लागली मला."

"मग, सापडली का?"

"तुमच्यासारख्यांनी माझ्या वाटची शिल्लक ठेवली तर सापडेल ना! बरं, ऐक. उठून चालायला अजून थोडे दिवस लागतील म्हणतात. तोवर मरूबिरू नकोस, मला यायला जमणार नाही."

"बरं, थांबतो," झुमाना म्हणाला. त्याने फोन खांद्याशी धरला आणि निळ्या कापडात अडकलेली कात्री पुढे सरकवली.