ह्यांची झोप

बायको जाऊन महिना होत आला, तरी भट्टीवाल्याला दिवसा झोप लागत नव्हती. रात्रभर पावाच्या भट्टीवर उभं राहायचं आणि सकाळी घरी येऊन आडवं व्हायचं, ही त्याची कित्येक वर्षांची रीत. ती गेली त्या दिवशीही तो वर झोपलेला होता. खाली फूटपाथच्या कडेला दोरीवरचे कपडे काढताना बायकोच्या हातून चिमटे सांडले. ती वेचायला वाकली, आणि शेजारच्या चष्मेवाल्याची विजेवरची गाडी त्याच्या फाटकातून मागे मागे आली. तिचं डोकं फूटपाथच्या दगडावर आपटलं. लोकांनी दार बडवलं, तेव्हा कुठे हा उठला.

मागे येताना त्या गाडीला आवाज असतो. तो बंद केलेला होता, हे पोलिसांनीच सांगितलं. उद्या भट्टीवाल्याचा जबाब होता. "सोडू नका त्याला," गल्लीतले लोक म्हणत होते. "मुद्दाम बंद करतो म्हणजे काय?" भट्टीवाल्याच्याही मनात तेच होतं. पण आधी त्या माणसाच्या तोंडून एकदा ऐकायचं होतं. दुपारी तो शेजारी गेला.

चष्मेवाल्याने दार उघडलं. दाढी वाढलेली. "या दादा," म्हणाला, आणि खुर्ची पुढे ओढली.

"बसायला नाही आलो. आवाज का बंद केला होतास?"

"चूक झाली माझी."

"ते दिसतंय रे. का, ते विचारतोय. कान दुखत होते तुझे?"

"मीच करायचो बंद. उद्या तसंच सांगा."

आतून त्याची म्हातारी आई आली. "तोंडाला कुलूप लावलंयस का? तुरुंगात जाऊन बसायचंय?"

"आई, तू आत जा."

"नाही जात!" ती भट्टीवाल्याकडे वळली. "बाबा रे, तुझ्या बायकोनेच सांगितलं होतं याला. इथेच उभी होती. म्हणाली, भावजी, तेवढं ते कुंईकुंई बंद होतं का बघा ना, हे आत्ताच आडवे झालेत. हा म्हणाला, वहिनी, गाडी विकून बैलगाडी घेऊ का? तर म्हणते, घ्या की, पण बैलाला घुंगरू नको. हसले दोघंही. तेव्हापासून गाडी सुरू केली की हा आधी ते बटण दाबायचा."

भट्टीवाला भिंतीला टेकला. "मी कधी म्हटलं होतं तिला?"

"तुम्ही नाही, दादा. त्यांनी आपणहूनच." चष्मेवाल्याने मान खाली घातली. "गेलेल्या माणसावर कसं ढकलू?"

भट्टीवाला भिंतीपासून सरळ झाला.

"गाडी काढ," भट्टीवाला म्हणाला.

"त्या दिवसापासून हात नाही लावला मी."

"किल्ली आण."

भट्टीवाला फाटकाबाहेर उभा राहिला. "बाजूला व्हा ना, दादा," चष्मेवाला गाडीतून काकुळतीने म्हणाला.

"मागे बघत ये. आणि बटण दाबू नकोस."

गाडी हातभर मागे आली. चार घरं सोडून कोणी पाण्याचा पंप लावावा, तसा बारीक आवाज आला.

"एवढाच?"

"एवढाच."

"अरे, तिथे भट्टीवर पीठ मळायचं यंत्र माझ्या कानाशी धडधडत असतं. याने जाग आली असती का मला?"

चष्मेवाल्याने स्टीअरिंगवर डोकं टेकलं. भट्टीवाला काचेपाशी आला.

"तिने सांगितलं होतं, हे मी उद्या सांगणार. तू मागे बघितलं नाहीस, हेही सांगणार. दोन्ही."

"हो, दादा."

भट्टीवाल्याने वर आपल्या खिडकीकडे पाहिलं. झोपायच्या खोलीचा पडदा अजून ओढलेलाच होता.

"मला एकदा विचारायचं तरी," तो म्हणाला.

ते चष्मेवाल्याशी बोललेलं नव्हतं.