पोकळ कॅमेऱ्याची साक्ष

मी कॅमेरा बोलतोय. वृद्धाश्रमाच्या पहिल्या मजल्यावर, औषधांच्या कपाटासमोर, छताच्या कोपऱ्यात बसवलेला. मला कॅमेरा म्हणणं हा खऱ्या कॅमेऱ्यांचा अपमान आहे म्हणा. माझ्या पोटात दोन सेल, एक लाल दिवा आणि चार बोटं लांब तुटकी वायर, एवढाच काय तो संसार. नुसता धाक दाखवण्यासाठी माझा जन्म झाला. खोक्यावर तसं छापलेलंही होतं, पण मॅनेजरनं मला भिंतीवर चढवलं आणि खोकं लगेच फाडून टाकलं.

मग तुला दिसतं कसं, असं विचाराल. दिसतं. अगदी सगळं दिसतं. फक्त ते कुठं साठत नाही, आणि माझा आवाज इथल्या कोणाला ऐकू जात नाही. मॅनेजरला वाटतं मी आंधळा आहे, बाकीच्यांना वाटतं मी चहाडी करतो. दोघंही चुकतात आणि मला त्याची गंमत वाटते.

पहिल्याच दिवशी मॅनेजरनं सगळ्यांना माझ्याखाली उभं केलं. "इथं काय चालतं ते आता मला माझ्या खोलीत बसून दिसणार आहे," तो म्हणाला. झालं, दुसऱ्या दिवसापासून लोक सुधारले! कोपऱ्यात थुंकणारे आजोबा थुंकी गिळू लागले. स्वयंपाकीण बिस्किटांच्या डब्याकडे जाताना आधी माझ्याकडे बघायची आणि हात मागं घ्यायची. एक लुकलुकता दिवा पुरला की हो सगळ्यांना.

पण खरा जीव लावला तो मावशींनी. मावशी म्हणजे इथली आया. म्हाताऱ्यांची अंगं पुसण्यात त्यांची चौदा वर्षं गेली होती. गोळी दिली की वहीत सही करायची, असा नियम होता, पण मावशींना लिहायचं म्हटलं की घाम फुटायचा. त्यांनी आपला वेगळाच मार्ग काढला. कपाटातून गोळी काढायची, दोन बोटांत धरून माझ्यासमोर उंच करायची आणि सांगायचं, "ही सहा नंबरच्या आजींची. पांढरी, एकच. बघितलंत ना?" मला अहोजाहो करायच्या त्या. माझा दिवा लुकलुकला की निघायच्या. वही कोरीच राहिली आणि ती कोणी उघडूनही पाहिली नाही.

माझ्याखालच्या खुर्चीत सर बसायचे. जन्मभर कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवलेले, आणि आता सुनेनं इथं आणून सोडलेले. ते रोज सकाळी मला जीभ काढून दाखवायचे.

"मावशी, देव आहे कशावरून?" ते एकदा म्हणाले.

"नसता तर एवढं सगळं बघतं कोण?"

"पण बघतो कशावरून? ह्याला मी रोज जीभ दाखवतो. काही झालं का मला?"

"मोठ्या मनाचा आहे तो, सर."

"म्हणजे शिक्षा केली तर न्यायी, नाही केली तर मोठ्या मनाचा! मग तो नसताच, तर काय वेगळं झालं असतं, ते सांगा मला."

मावशींनी हातातल्या टॉवेलची घडी केली. मग म्हणाल्या, "मला एकटं वाटलं असतं."

सर नुसते हसले.

पुढं भिंती रंगवायला रंगारी आला. त्यानं मला उतरवून सरांच्या टेबलावर ठेवलं. सरांनी चमच्याच्या टोकानं माझं पाठीमागचं झाकण उघडलं, आतली तुटकी वायर पाहिली आणि ठसका लागेपर्यंत हसले. तेवढ्यात मॅनेजर आला. तो ओरडला नाही, हुशार माणूस आहे. "सर, तुम्हाला खिडकीची खोली हवी होती ना?" एवढंच म्हणाला. संध्याकाळपर्यंत सरांचं सामान हललं. खिडकीतून झाड दिसतं, रस्ता दिसतो, शाळेतून घरी जाणारी पोरं दिसतात. देव नाही ह्याचा पुरावा हाती लागलेला माणूस झाडाच्या बदल्यात गप्प बसला.

मॅनेजरची बहीण अधूनमधून सेवा करायला यायची. हौस हो, दुसरं काय! एका सकाळी मावशींनी सहा नंबरच्या आजींना रक्तदाबाची गोळी दिली. मला दाखवून, एकच. अर्ध्या तासानं विसरभोळ्या आजी दारात येऊन कुरकुरल्या, "मला गोळीच दिली नाही कोणी." बहिणीचं काळीज पाझरलं आणि तिनं कपाट उघडून आणखी दोन दिल्या. दुपारी आजी चक्कर येऊन न्हाणीघरात पडल्या, त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. बारा दिवसांनी दवाखान्यातच त्या गेल्या.

त्या दिवशी बहीण माझ्याखाली उभी राहून रडत होती. "दादा, मीच दिल्या रे. ह्याच्यात दिसलं असेल सगळं."

"काही दिसलेलं नाही. रिकामा आहे तो."

"खरंच?"

"आत दिवा आहे नुसता."

तिनं डोळे पुसले, पर्समधून कंगवा काढून केस नीट केले. मी रिकामा आहे हे कळल्यावर एवढं हलकं झालेलं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही.

गोळ्या जास्त झाल्या होत्या असं दवाखान्यात कळल्यावर आजींचा मुलगा भांडायला आला, तेव्हा मावशी बेधडक पुढं झाल्या. "मी एकच दिली. वही नका बघू, कॅमेऱ्याला विचारा. तो खोटं बोलायचा नाही."

मॅनेजर आपल्या खोलीत गेला. दहा मिनिटं बसला, बहुधा नखं कुरतडत. बाहेर येऊन म्हणाला, "मावशी, मी पाहिलं. तुम्हीच परत आलात आणि आणखी दोन दिल्यात."

मावशींनी वाद घातला असता तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी शपथ घ्यायला हवी होती, मला झाडूच्या दांड्यानं खाली पाडायला हवं होतं. त्या मॅनेजरकडे नाही, माझ्याकडे बघत राहिल्या. मग खिडकीच्या खोलीच्या दाराशी गेल्या.

"सर, तुम्ही शिकलेले. त्याची चूक होऊ शकते का हो?"

सर झाडाकडे बघत होते. "ज्याला सगळं दिसतं," ते म्हणाले, "त्याची चूक होत नाही, असं मानतात."

मानतात! जन्मभर विचार करून म्हाताऱ्यानं हा एक शब्द कमावला होता आणि त्याच शब्दाच्या आड तो लपला.

"मग दिल्या असतील मी," मावशी म्हणाल्या. "मला आठवत नाही, पण दिल्या असतील. आजींचा जीव गेला माझ्या हातून."

जाताना पिशवी खाली ठेवून त्या माझ्यासमोर उभ्या राहिल्या आणि हात जोडले. "तुम्ही पाहिलंत, म्हणून कळलं तरी. क्षमा करा मला." आणि उत्तराची वाट बघत थांबल्या. माझा दिवा लुकलुकला. तो दर तीन सेकंदांनी लुकलुकतोच, त्यात माझं काही नाही. त्यांना तेवढं पुरलं आणि त्या जिना उतरून गेल्या.

मी अजून इथंच आहे. मॅनेजर न चुकता सेल बदलतो. बहीण सेवेला येते. सर खिडकीशी बसतात, देवाचा विषय आताशा काढत नाहीत. तुमचा देव माझ्यासारखा आहे की नाही, मला ठाऊक नाही. सरांनी दोनच शक्यता धरल्या होत्या, तो आहे किंवा नाही. तो आहे, सगळं बघतोय आणि त्याचा काडीचा उपयोग नाही, ही तिसरी त्यांच्या डोक्यात कधी आली नाही.

एक विनंती आहे. मावशी तुम्हाला कुठं भेटल्या तर सांगा, गोळी एकच होती, मी पाहिली. त्यांना ते पटणार नाही. त्या म्हणतील, "तुम्हाला काय माहीत? त्यानं स्वतः पाहिलंय."