येसरची बरणी आणि बिडकीनची वाट

येसरची बरणी संपली त्या दिवशी बद्रीनाथ गुरुजींना कळलं की मनकर्णाबाई गेल्या.

तशा त्या जाऊन दहा महिने होत आले होते. दवाखाना, दहावा, तेरावा सगळं रीतसर पार पडलं होतं आणि गुरुजी सगळीकडे हजर होते. पण घरातली आमटी तीच होती. सून मंजुषा दर रविवारी बरणीतून चमचाभर येसर काढायची, आमटीला उकळी आली की भाजलेल्या गव्हाचा आणि मसाल्याचा वास बाहेरच्या खोलीत यायचा, आणि गुरुजींना वाटायचं, आत आहे ती. त्या रविवारी मंजुषानं बरणी ताटलीवर उपडी करून आपटली. काहीच पडलं नाही.

"बाबा, आईंचा येसर संपला."

गुरुजी उठले, न्हाणीत गेले आणि नळ सोडून बराच वेळ आत बसले. बाहेर आले तेव्हा डोळे लाल होते. म्हणाले, "वर्षश्राद्धाच्या पंगतीला तिच्याच येसरची आमटी पाहिजे."

"पण आई तो करायची कसा?" मुलगा गोकुळ म्हणाला.

कुणालाच माहीत नव्हतं. मनकर्णाबाई दर चैत्रात माहेरी, बिडकीनला जायच्या आणि येताना बरणी भरून आणायच्या. म्हणजे येसरचं मूळ बिडकीनला.

आता गुरुजींनी जन्मभर शाळेत इतिहास शिकवला होता. त्यांचा आवडता धडा युरोपचा. मध्ययुगात युरोप आपापल्या गढ्यांत कोंडून बसला होता. सरदार गढीत, कुळं शेतात, पाद्री मठात. मग धर्मयुद्धांच्या निमित्तानं माणसं बाहेर पडली, पूर्वेकडचा मसाला चाखून आली आणि त्यांना घरचं गिळवेना. पुढं तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल घेतलं, मसाल्याची वाट अवघड झाली, तसे हे लोक होकायंत्र घेऊन समुद्रात शिरले. इथवर आलं की गुरुजी थांबत आणि विचारत, "चिमूटभर मिऱ्यांसाठी कुणी घर सोडतं का रे?"

"नाय गुरुजी!" सगळा वर्ग ओरडायचा.

हा विनोद त्यांनी एकदा घरी सांगितला, तेव्हा मनकर्णाबाई म्हणाल्या होत्या, "एक महिना आळणी जेवू घालते, मग सांगा."

आता सांगायची वेळ आली होती. आणि वाटेत कॉन्स्टँटिनोपलही होतं. त्याचं नाव तात्यासाहेब.

तात्यासाहेब म्हणजे मनकर्णाबाईंचा धाकटा भाऊ. गोकुळच्या लग्नात फेटे कमी पडले. नवरदेवाच्या सख्ख्या मामाला फेटा बांधायचा सोडून गुरुजींनी त्यांच्या हातात टोपी-टॉवेल ठेवला आणि वर म्हणाले, "तुम्ही काय, घरचेच." टोपी-टॉवेल लांबच्या पाहुण्यांना देतात. तात्यासाहेबांनी टॉवेल तिथंच नवरदेवाच्या घोडीच्या पाठीवर टाकला आणि न जेवता निघून गेले. त्याला अकरा वर्षं झाली. बहिणीच्या दहाव्याला आले, पण गुरुजींशी बोलले नाहीत.

"मामांना एक फोन करा की," मंजुषा म्हणाली.

"मी? नाय."

"मग येसर?"

"वळसा घालून आणू. करमाडला हिची मावसबहीण आहे, राजाबाई. तिच्याकडून बिडकीनचा येसर मिळवू."

गोकुळनं कपाळाला हात लावला. "बाबा, बिडकीन पैठण रोडला. करमाड जालना रोडला."

"पृथ्वी गोल आहे," गुरुजी म्हणाले आणि चप्पल घातली.

राजाबाईंनी चहा पाजला, बहिणीच्या आठवणीनं डोळे पुसले आणि बिडकीनचं नाव काढायच्या आतच डबा भरून दिला.

"हिचा असायचा तोच ना?" गुरुजींनी विचारलं.

"तोच की दाजी! एका आजीच्या हाताखाली शिकलो आम्ही दोघी."

गुरुजी मोहीम फत्ते करून आले. रात्री आमटी झाली. पहिला घास घेतला आणि गोकुळनं पाण्याचा तांब्या तोंडाला लावला तो खाली ठेवलाच नाही. मंजुषा हळूच म्हणाली, "बाबा, हा येसर नाय. काळं तिखट हाय."

"येसरच आहे. नव्या डब्यामुळं वेगळा लागतो."

"अहो, नाकातून पाणी येतंय तुमच्या."

"ते आठवणीनं येतंय."

पुढं तीन दिवस गुरुजींनी एकट्यानं ती आमटी खाल्ली आणि घाम पुसत सांगितलं, येसरच आहे. चौथ्या दिवशी जोराचा ठसका लागला आणि त्यांना कोलंबस आठवला. तो भलत्याच बेटांवर उतरला आणि मरेपर्यंत म्हणत राहिला की आपण पूर्वेलाच पोचलो. गेला होता मिरी शोधायला, गाठ पडली मिरचीशी. वर्गात यावर गुरुजी पोट धरून हसत. आता हसायला श्वास नव्हता.

त्यांनी डबा बंद केला. शहागंजच्या बाजारात जाऊन फेटा घेतला, रिकामी बरणी पिशवीत घातली आणि सरळ पैठणच्या बसमध्ये बसले.

बिडकीनला तात्यासाहेब दारात बाजेवर बसले होते. "या. वाट सापडली म्हणायची."

"तात्या, फेटा आणलाय."

"मला कशाला? मी तर घरचाच."

"चुकलं माझं. बांधू का?"

"अकरा वर्षांत केस गेले, दाजी. आता घसरतो फेटा." असं म्हणून त्यांनी मान पुढं केली.

गुरुजींनी जन्मात कुणाला फेटा बांधला नव्हता. त्यांनी जमेल तसा गुंडाळला. तात्यासाहेबांची बायको बाहेर आली आणि किंचाळली, "अगं माय! डोकं फुटलं का काय यांचं?"

मग गुरुजींनी बरणी काढून पुढं ठेवली. "वहिनी, हिचा येसर पाहिजे होता. वर्षश्राद्धापुरता."

वहिनी आत गेल्या आणि आपली बरणी घेऊन आल्या. तीही रिकामी.

"मीच कधीची म्हणत होते, तुमच्याकडून मागून आणू, दाजी. ताई इथं येऊन करायच्या, पण भाजणं त्यांच्याच हातचं. मला नुसतं गिरणीत धाडायच्या. यांना पावसाळ्यापासून जेवण गोड लागत नाय. पण ताठा! म्हणे, दाजीच्या दारात जाणार नाय."

"हे काय सांगायचं असतंय व्हय?" तात्यासाहेब भिंतीकडे बघत म्हणाले.

थोड्या वेळानं त्यांनी गुरुजींची बरणी उचलली, झाकण काढलं आणि आत नाक खुपसलं. बराच वेळ तसेच राहिले.

"हाय," ते म्हणाले. "अक्काचा वास हाय अजून."

गुरुजींनी बरणी घेतली आणि वास घेतला. पुन्हा तात्यासाहेबांनी घेतला.

"दगडफूल हाय."

"धने जास्त आहेत."

"दाजी, तुम्ही इतिहास बघा. मिरे हायत."

वहिनींनी कढई ठेवली. दोघं चुलीला चिकटून बसले आणि हुकूम सोडू लागले. पहिल्यांदा गहू करपले. दुसऱ्यांदा दोघं इतके घाबरले की गहू कच्चेच उतरवायला लावले. तेवढ्यात फेटा सुटून त्याचं टोक धन्यात पडलं.

तेव्हापासून गुरुजी दर रविवारी बिडकीनला जातात. वर्षश्राद्ध जवळ आलं आहे. गहू किती भाजायचे, ते अजून जमलेलं नाही.