गंज निघाला तर

मंगळवारी चालत्या मोटरसायकलचा पुढचा ब्रेक जाम झाला आणि पोरगा वळणावर गाडीसकट फरफटत गेला. कोपरापासून कमरेपर्यंत सालटं निघाली. लंगडत घरी आला तो आधी दवाखान्यात गेला नाही; आधी त्यानं बायकोचा डावा हात पिरगाळून मोडला. का, तर दर आठवड्याला गाडी तीच धुते. पाइप लावून चाकांवर पाणी मारते. पाण्यानं ब्रेकमधला पिस्टन गंजला, गंजून अडकला आणि म्हणून हे महाशय तोंडावर आपटले, एवढा सगळा निकाल त्यानं रस्त्यावरून उठता उठता लावून टाकला होता. दवाखान्यात दोघांनी सांगितलं, न्हाणीघरात पाय घसरला. डॉक्टरनं प्लास्टर घातलं आणि पुढचा पेशंट बोलावला.

रविवारी जेवण झाल्यावर त्यानं फर्मान काढलं.

"बाबा, तो ब्रेकचा कॅलिपर उघडा. एकदा सोक्षमोक्ष लागू दे. आत गंज निघाला ना, तर हिचा दुसरा हातही शिल्लक ठेवत नाही."

आणि तो आत खाटेवर जाऊन पडला.

हे बाबा म्हणजे बस डेपोत एकतीस वर्षं ब्रेकच उघडत बसलेला माणूस. सगळी गल्ली त्याला फोरमन म्हणायची आणि तोही त्या नावानं हाक मारल्याशिवाय वळून बघत नसे. नाकावर माशी बसू द्यायचा नाही. तेलाच्या बाटल्यांवर लेबल लावणं त्याला अपमान वाटायचा. तेल वासावर ओळखायचं, लेबलं नवशिक्यांनी वाचायची, असं तो चारचौघांत सांगायचा. बायको जाऊन नऊ वर्षं झाली होती. तिच्यावर त्यानं कधी हात उचलला नाही असं म्हणायची मात्र सोय नाही. पोरगा ही विद्या कुठल्या शाळेतून शिकून आला नव्हता.

दोन वर्षांपासून फोरमनचे हात थरथर कापायचे. चहाची बशीही दोन्ही हातांनी धरावी लागायची. त्यामुळे कॅलिपर उघडायचा होता फोरमननं, पण हात लागणार होते सुनेचे, आणि त्यातलाही एकच चालता होता. स्वतःचा खटला आणि साक्षीपुरावे स्वतःच गोळा करायचे, असा तो प्रकार होता.

स्वयंपाकघरामागे पत्र्याखाली एक जाड फळ्यांचं टेबल होतं, त्याच्या कडेला लोखंडी शिकंजा बसवलेला, दांडा फिरवला की जबडा आवळणारा. गाडी तिथंच उभी होती. सून पाटावर बसली, प्लास्टरचा हात मांडीवर ठेवला आणि उजव्या हातानं पाना लावला.

"दोन बोल्ट आहेत. खालचा आधी. झटका दे, ओढू नको."

तिनं झटका दिला. बोल्ट किंचाळत सुटला, मग वरचाही. कॅलिपर चकतीवरून निघून पाइपला लोंबकळला. झिजलेले पॅड तिनं बाजूला काढले. आत दोन पिस्टन दिसत होते, वाटीसारखे, आपापल्या भोकात बसलेले.

"आता हँडलचा ब्रेक दाब. हळू."

एक पिस्टन निमूट पुढं सरकला. दुसरा ढिम्म. फोरमननं सरकलेला पिस्टन छोट्या शिकंज्यात दाबून धरायला सांगितला, म्हणजे सगळा जोर अडकलेल्यावर जाईल. तिनं पुन्हा दाबलं. हँडल दगडासारखं झालं. तिनं सगळं अंग टाकलं, मनगट पांढरं पडलं, पण पिस्टन हलला नाही.

"निघाला का गंज?" आतून आवाज आला.

सुनेनं ब्रेक पुन्हा दाबून पाहिला. फोरमननं तिच्याकडे पाहिलं नाही.

"तेलाचा पाइप सोड. आता हवा मारू. समोर लाकूड ठेव, जाड. आणि बोटं लांब. डेपोत एकाचा अंगठा असाच चेचला होता."

कॅलिपर टेबलावरच्या शिकंज्यात आवळला. तेलाच्या भोकाला पायपंपाची नळी बसवली, वर रबर गुंडाळलं. सुनेनं पंपावर पाय ठेवला आणि मारायला सुरुवात केली. दहा, वीस, तीस. प्रत्येक दणक्याबरोबर प्लास्टरमधलं हाड ठणकत होतं. ती दात आवळून पाय मारत राहिली. त्या पंपाच्या जागी तिला काय दिसत होतं ते तिचं तिला ठाऊक. पन्नासाच्या पुढं कधीतरी धाडकन आवाज झाला, लाकडाची ढलपी उडाली आणि काळपट तेलाची चिळकांडी तिच्या गालावर आली.

"निघाला का?" आतून पुन्हा.

तिनं पिस्टन फडक्यात धरला. घाईनं पुसला. एकदा, दोनदा. मग एकदम तिचा श्वास सुटला.

"बाबा, चकचकीत आहे! तोंड दिसतंय त्यात. डागसुद्धा नाही."

फोरमननं तो उजेडात धरला. खरंच आरशासारखा होता. आपली सून वाचली, असं त्याला वाटलं आणि बरंही वाटलं. तेवढा तो माणूस होता.

"मग अडकला कशानं?" तिनं विचारलं.

"सील बघ. आतल्या खाचेत रबराचं कडं असतं. लोखंड लावू नको, काडीनं काढ."

तिनं बांबूची काडी घालून कडं उचकटलं. ते बाहेर आलं आणि काही केल्या परत खाचेत बसेना. रात्रभर भिजलेल्या हरभऱ्यासारखं फुगलं होतं. बोटानं दाबलं तर मऊ लागत होतं.

ब्रेकचं रबर पाण्यानं फुगत नाही, हे त्यानं शंभर पोरांना शिकवलं होतं. ते एकाच गोष्टीनं फुगतं. तरी त्यानं पेलाभर पाणी मागवलं आणि हँडलवरच्या डबीतलं तेल त्यात सोडायला सांगितलं. ब्रेकचं तेल पाण्यात विरघळून जातं. हे विरघळलं नाही. वर तेलकट तवंग धरून तरंगत राहिलं. डबीत इंजिनचं तेल होतं; त्यानंच कडं फुगून पिस्टन आवळला होता.

महिन्यापूर्वी डबीतलं तेल खाली गेलेलं त्यानंच पाहिलं होतं, आणि फळीवरची बाटली उचलून त्यानंच भरलं होतं. बाटली हुंगली होती. वास आला नव्हता. मागच्या वर्षीच्या तापापासून त्याला कशाचाच वास येत नव्हता, आणि हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. फोरमनला वास येत नाही म्हटल्यावर राहिलं काय?

"हे तरंगतंय, बाबा. ब्रेकचं तेल तरंगतं?"

"कधीकधी," फोरमन म्हणाला.

एकतीस वर्षांत ब्रेकबद्दल तो पहिल्यांदा खोटं बोलला.

पोरगा दारात येऊन उभा राहिला होता. बनियनवर रक्ताचे वाळलेले डाग, डोळे झोपेनं सुजलेले.

"काय निघालं?"

"गंज नाहीये," सून पटकन म्हणाली. "बघा ना, पिस्टन..."

"तुला विचारलं?" त्यानं पाठीमागून तिच्या डोक्यात चापट मारली. "बाबा, तुम्ही सांगा. कशानं अडकला?"

फोरमन फुगलेलं कडं बोटांत फिरवत राहिला. सांगायला एक वाक्य पुरलं असतं.

"बोलत नाही म्हणजे गंजच. सुनेची कड घेताय." पोरानं कॅलिपर शिकंज्यातून काढून फेकला. मग तिचा उजवा हात धरला, चारही बोटं शिकंज्याच्या जबड्यात घातली आणि दांडा फिरवला.

ती ओरडली नाही. आधी फक्त तोंड उघडलं. दुसऱ्या फेऱ्याला ओरडली.

"सोड! मी केलंय!" फोरमन उभा राहिला. "चुकीचं तेल मी घातलं. मला वास येत नाही रे, वर्ष झालं. तिचा काही संबंध नाही. मी केलं!"

पोरगा थांबला. बापाकडे बघत राहिला. फोरमननं मान खाली घातली. आता आपल्यावर हात उठणार, हे त्यानं मनाशी धरलं होतं, आणि त्याची तयारी होती.

पोरगा हसला.

"एवढंच? त्यात काय, बाबा. होतं. वय झालं आता. मनाला लावून घेऊ नका." आवाजात खरीखुरी माया होती. मग तो बायकोकडे वळला. "आणि तुझे डोळे फुटले होते? म्हातारा माणूस बाटली उचलतोय, जरा बघावं, एवढी अक्कल नाही?"

आणि त्यानं दांडा आणखी एक फेरा फिरवला.

तिच्या नखांखालून रक्त आलं. फोरमनच्या डोक्यात जे काही होतं ते सगळं पुसलं गेलं. टेबलावर हातोडी होती. त्यानं ती दोन्ही हातांनी उचलली, बशी उचलायचा तशीच, आणि पोटच्या पोरावर घातली. नेम डोक्याचा होता. हात थरथरला म्हणून ती गळ्याखालच्या हाडावर बसली. वाळकं लाकूड मोडल्यासारखा आवाज झाला. पोरगा "बाबा!" म्हणत वळला तेव्हा दुसरा घाव कोपरावर बसला, तिसरा गुडघ्यावर. तो खाली कोसळला आणि लहानपणी रडायचा तसा रडायला लागला. फोरमननं चौथा मारला नाही, पण मारावासा वाटला. तसं वाटल्याची त्याला लाज वाटली नाही.

त्यानं दांडा उलटा फिरवला. सुनेनं बोटं बाहेर ओढली. दोन वाकडी झाली होती. हात छातीशी धरून ती भिंतीला टेकली.

"जा पोरी," फोरमन धापा टाकत म्हणाला. "माहेरी जा. हा मागं येणार नाही, मी येऊ देणार नाही. मी आहे ना."

आपण आयुष्यात एक तरी गोष्ट नीट केली, असं त्याला वाटत होतं. ती काहीतरी बोलेल म्हणून तो वाट बघत होता. निदान रडेल.

ती रडली नाही. खाली विव्हळणाऱ्या नवऱ्याला वळसा घालून ती मागच्या दारापाशी गेली. दोन्ही हात निकामी, म्हणून कोपरानं कडी उचकटायला लागली. तो मदतीला पुढं झाला तशी ती थांबली.

"मंगळवारी हे माझा हात मोडत होते," ती प्लास्टरकडे न बघता म्हणाली, "तेव्हा तुम्ही पलीकडच्या खोलीतच होतात. मी हाक मारली होती तुम्हाला. दोनदा."

फोरमनच्या हातात अजून हातोडी होती. ती कुठं ठेवावी ते त्याला कळेना.

"ऐकली होती," तो म्हणाला.

तिनं मान डोलावली. तेवढंच तिला हवं होतं. कोपरानं कडी वर सरकवली, दार खांद्यानं ढकललं आणि चपला न घालता बाहेर पडली.