मोमिकला काही कमी नाही

लहान जीवाला लहान घर पुरतं, असं आपण सगळेच धरून चालतो. कोकंद शहरातल्या निशानबोयलाही तसंच वाटायचं, आणि त्याला तर तसं वाटायचा हक्कच होता म्हणा ना. चाळीस वर्षं पिंजरे करण्यात गेली होती त्याची!

पिंजरे म्हणजे लावा पक्ष्यांचे. चांगला वाळलेला भोपळा घ्यायचा, आतून पोखरायचा, बाजूला दाण्यापुरती खिडकी कापायची, तोंडावर सुती जाळं ताणायचं आणि द्राक्षाच्या मांडवाला टांगून द्यायचा. आत बसलेल्या लाव्याला धड वळताही येत नाही, आणि खरी मेख तिथेच. लावा भेदरट. मोकळा सोडला तर उसळी मारून डोकं फोडून घेतो. बेताच्या जागेत मात्र गप बसतो आणि पहाटे सुरेख गातो. निशानबोयला हे त्याच्या वडिलांनी शिकवलं, वडिलांना त्यांच्या वडिलांनी. जागा आवळून दिली म्हणजे जास्त काळजी घेतली, असं त्या घरात तीन पिढ्या मानत आले होते.

त्या शरदात निशानबोयचा मुलगा ओदिल आणि सून, दोघंही कोरियाला कारखान्यात कामाला गेली. आठ वर्षांची झुमराद आजीआजोबांकडे राहिली. जाताना ओदिलने लेकीच्या हातात बुटांचं एक खोकं ठेवलं. खोक्यात मुठीत मावेल एवढा, पाठीवर काळा पट्टा असलेला हॅमस्टर होता. "जर्दाळू फुलले की मी येतो," तो म्हणाला. "तोवर याला तू सांभाळ." मग बापाकडे वळून म्हणाला, "आणि बाबा, या दोघांना तुम्ही."

झुमरादने त्याचं नाव मोमिक ठेवलं. आईबाप गेल्यावर पोरगी रडली नाही की जेवायची थांबली नाही. फक्त बोलायची ती मोमिकशी, नाहीतर मोमिकबद्दल. एवढ्यावरून निशानबोय काय ते समजला. या जिवाला काही झालं तर पोरीला सावरणं आपल्याच्याने व्हायचं नाही, ही धास्ती त्याच्या मनात घर करून बसली.

म्हणून त्याने जीव ओतून काम केलं. कोठीतला सगळ्यात देखणा भोपळा काढला, खिडकीला नक्षी केली, आत कापूस अंथरला आणि लाव्याच्या शेजारी मोमिकला टांगलं. तिसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर भोपळ्याला अंगठा जाईल एवढं भोक आणि आत कापूस तेवढा शिल्लक. घरभर शोधाशोध झाली. पोरीचा चेहरा पांढराफटक पडला. शेवटी हॅमस्टर सापडला पाहुण्यांच्या खोलीत, छतापर्यंत रचलेल्या रजयांमध्ये. खालून दुसऱ्या रजईत त्याने आपली सोय करून घेतली होती.

"अहो ओदिलचे बाबा," शराफत, म्हणजे निशानबोयची बायको, फाटलेली रजई त्याच्यापुढे धरत म्हणाली, "चाळीस वर्षांत तुमचा भोपळा कुणी खाल्ला नव्हता. याला भारीच आवडलेला दिसतो."

निशानबोय तडक बाजारात गेला आणि लोखंडी तारांचा, दोन मजली, लाल घसरगुंडीचा पिंजरा घेऊन आला. आत बशीएवढं चाक होतं. सगळे हॅमस्टर यातच राहतात, असं विकणाऱ्याने छातीला हात लावून सांगितलं. पिंजरा दिसायलाही झकास होता. झुमराद हसली, आणि निशानबोयला वाटलं, सुटलो.

पण सांज पडली की मोमिक तारा चावायला लागायचा. कर्र कर्र, कर्र कर्र. एकाच कोपऱ्यात, एकाच तारेवर, थांबणं म्हणून नाही. आठवडाभरात त्याच्या नाकावरचे केस गेले. पुढच्या आठवड्यात तिथे रक्त दिसलं.

आता सल्ल्यांना काय तोटा! पिंजरा विकणारा म्हणाला, दात शिवशिवतात, जर्दाळूची कवची द्या. कवची दिली. न्हावी म्हणाला, उजेडाचा त्रास होतोय, झाकून ठेवा. निशानबोयने डोक्यावरची टोपी काढून पिंजऱ्यावर टाकली आणि बोडक्या डोक्याने हिंडला. शेजारीण म्हणाली, अंगात मीठ कमी असणार. शराफतचं म्हणणं, उंदीर चावणार नाही तर काय गाणार? कुणी सांगितलं पिंजरा मोठा पडतोय, बिचारा घाबरतोय. दुसऱ्याच दिवशी दुसऱ्याने सांगितलं, छोटा पडतोय. निशानबोयचं डोकं पार भंजाळून गेलं. पिंजऱ्यातलं आपल्याला कळतं, एवढी एकच गोष्ट त्याला जगात पक्की ठाऊक होती, आणि आता तीही हातची निसटत होती.

शेवटी न्हाव्यानेच नवा शोध लावला: एकटा पडलाय, जोडीदार आणा. ते निशानबोयला पटलं. तो पुन्हा बाजारात गेला, दुसरा हॅमस्टर हातात घेतला, तेवढ्यात मागून आवाज आला, "ठेवा तो खाली."

मावजूदा-ओपा होत्या. ओदिलला शाळेत जीवशास्त्र शिकवलेल्या. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली तरी अख्खा मोहल्ला त्यांना ओपा, म्हणजे थोरली बहीण, म्हणायचा आणि त्यांच्यासमोर खिशातून हात बाहेर काढायचा. त्यांनी सगळी हकिकत ऐकून घेतली. दोन हॅमस्टर एका पिंजऱ्यात कोंबलेत तर आठवड्याने एकच उरेल, असं सांगून त्या सरळ त्याच्याबरोबर घरीच निघाल्या.

अंगणातल्या चौथऱ्यावर पिंजरा होता. ओपा वाकून बराच वेळ पाहत राहिल्या. मग त्यांनी वीत लावली. लांबी दोन विती.

"निशानबोय-अका," त्या थोरल्या भावाला म्हणावं तसं म्हणाल्या, "हा कुठला प्राणी?"

"बाजारातला."

"त्याचे पूर्वज म्हणतेय मी. हा उत्तरेच्या गवताळ माळावरचा. तिथे एवढासा जीव अंधार पडला की दाण्याच्या शोधात निघतो आणि इथून तुमच्या बाजाराला दोन चकरा होतील एवढं धावतो. तुम्ही त्याच्या अंगाचं माप घेतलंत. पायांचं घेतलंच नाहीत."

निशानबोय म्हणाला, मजले दोन आहेत की. ओपा म्हणाल्या, मजले काय चाटायचेत? त्याला खालची सलग जमीन हवी. निदान दोन हात लांब, एक हात रुंद, जास्त असेल तर उत्तमच. बिळं करायला वीतभर भुसा हवा. चाक असं हवं की धावताना पाठ वाकू नये. तारा चावतोय तो दातांसाठी नाही. तो बाहेर पडायची वाट शोधतोय.

हे ऐकून निशानबोयचा तोल गेला. इतका वेळ मनात साठलेलं सगळं तो एकदम बोलला. "ओपा, मुठीएवढा जीव आणि त्याला दोन हात जमीन? दाणा आहे, पाणी आहे, डोक्यावर छप्पर आहे, मांजराची भीती नाही. काय कमी आहे त्याला?"

ओपा चहा प्यायल्या, झुमरादच्या गालावरून हात फिरवला आणि गेल्या. निशानबोय मात्र तिथेच बसून राहिला. वर भोपळ्यात लावा गप बसला होता. याला चालतं, मग त्याला का चालू नये? वडील खोटे की ओपा? काही म्हणता काही उमगेना.

त्याच दिवशी सांजेला ओदिलचा फोन आला, चित्र दिसणारा. त्याच्या पाठीमागे पलंग होता, पलंगाला लागून भिंत. शराफतने विचारलं, जागा कशी आहे, जेवण कसं आहे. "सगळं आहे, आई," ओदिल म्हणाला. "जेवण गरम, खोली गरम. काही कमी नाही." मग जरा हसून म्हणाला, "खोलीत पाय मोकळे करायला जागा नाही, एवढंच. सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघं नदीकाठाने उगाच चालत सुटतो. पाय दुखेपर्यंत."

आजीच्या हातातून झुमरादने फोन घेतला. बापाने मोमिकची चौकशी केली. पोरगी पटकन सरकली आणि पिंजरा पाठीमागे झाकला जाईल अशी बसली. "मजेत आहे," ती म्हणाली. "त्यालाही काही कमी नाही."

मागे कर्र कर्र चालूच होतं. ती आवाज चढवून शाळेबद्दल बोलायला लागली.

निशानबोय ते बघत होता. आपलेच शब्द! मुलगा तिकडून तेच बोलतोय, आपल्याला काळजी वाटू नये म्हणून. नात इकडून तेच बोलतेय, बापाला काळजी वाटू नये म्हणून. आणि मी? मी कुणासाठी बोललो? माझं मन निवांत राहावं म्हणून. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली.

फोन बंद झाल्यावर तो उठला आणि पाहुण्यांच्या खोलीत गेला. कोकंदात कुठल्याही घरी जा, सगळ्यात मोठी, सगळ्यात उजेडाची खोली तीच. गालिचे तिथे, रजया तिथे, चिनी मातीची चांगली भांडी तिथे, आणि माणसं बाकीच्या दोन खोल्यांत दाटीवाटीने. त्या खोलीत भिंतीशी काचेच्या दारांचं उंच कपाट होतं. शराफतच्या लग्नातलं. आतल्या कपांना वर्षातून दोनदा पुसण्यापलीकडे कुणी हात लावत नसे. निशानबोय एकेक कप काढून गालिचावर मांडायला लागला.

शराफत धावत आली. "वेड लागलंय का तुम्हाला? माझं कपाट त्या उंदराला देणार? आणि पाहुण्यांच्या खोलीत? पाहुणे आले की काय सांगायचं?"

निशानबोयने पुढचा कप काढला. दारात झुमराद उभी होती. ती आजीला हळूच म्हणाली, "बुवी, मोमिक पण पाहुणाच आहे ना? बाबा येईपर्यंत आलाय."

शराफतने डोक्यावरच्या रुमालाने डोळे टिपले, कप उचलले आणि स्वयंपाकघराकडे चालू लागली. जाताना एवढंच म्हणाली की आजपासून रोजचा चहा याच कपांतून, नाहीतर ठेवायचे कुठे?

कपाट आडवं पाडलं. मधल्या फळ्या काढल्या. दारं वर आली. एक काच राहू दिली, दुसरीच्या जागी बारीक जाळी मारली. लांबी पाच हात भरली. सुताराकडून पॉप्लरचा भुसा आणून वीतभर थर दिला. राहिलं चाक. निशानबोयने कोठीतला सगळ्यात थोराड भोपळा काढला, त्याचं रुंद कडं कापलं, आतून घासून खरखरीत केलं आणि आसावर बसवलं. भोपळ्याचा उपयोग होता तर! फक्त हॅमस्टर त्यात कोंडायचा नव्हता, त्याला धावू द्यायचं होतं.

मोमिकला आत सोडलं. तो कडेकडेने या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला. परत आला. मग भुशात शिरला आणि दिसेनासाच झाला. दोन दिवस कुणाला दिसला नाही. फक्त ठेवलेले दाणे नाहीसे व्हायचे. तिसऱ्या सांजेला निशानबोयच्या लक्षात आलं की घर शांत आहे. कर्र कर्र थांबलं होतं. त्याऐवजी भोपळ्याचं चाक गरगर फिरत होतं आणि झुमराद पालथी पडून हनुवटीला हात लावून ते पाहत होती. महिन्याभरात नाकावर नवे केस आले.

जर्दाळू फुलले तेव्हा ओदिल आला, सून आली. कपाटातला मोमिक पाहून ओदिल हसला खूप, पण मग खोलीभर उगाच फेऱ्या मारत राहिला. रजया त्या रात्री त्याच खोलीत अंथरल्या आणि पुढे तिथेच राहिल्या. पाहुणे आले की जागा होतेच, असं आता शराफतच म्हणते.

मंडळी, आपण दुसऱ्याचं घर, त्याची जागा, त्याची गरज मोजतो तेव्हा माप आपल्या सोयीचं असतं. पोट भरलं म्हणजे भागलं असं आपण ठरवून टाकतो, आणि जो आत आहे त्याला विचारत नाही. मुका जीव तर बोलणार नाहीच. त्याच्याकडे बघावं लागतं. एवढं जरी निशानबोयकडून शिकलो तरी खूप झालं.

पण त्याचा स्वतःचा घोळ काही मिटला नाही. एके दिवशी झुमरादने वर भोपळ्यातल्या लाव्याकडे बोट दाखवून आजोबांना विचारलं, "बोबो, मग याला?" त्याने वर पाहिलं. लावा उसळी मारतो, डोकं फोडतो, हे खरंच होतं. वडील खोटं बोलले नव्हते. त्याने ओपांना गाठलं. ओपा म्हणाल्या, लाव्याचं मलाही नक्की ठाऊक नाही; पण जाळं मऊ ठेवून जमीन वाढवली तर काय होतं, हे कुणी करून पाहिलंय का?

कुणीच पाहिलं नव्हतं. म्हणून त्याने मांडवाखाली जमिनीलगत लांबलचक चौकट केली, वरून तेच सुती जाळं सैल सोडलं आणि लाव्याला आत ठेवलं. लाव्याने एक उसळी घेतली. जाळ्याने त्याला अलगद खाली सोडलं. तो बसला, मान वळवली, आणि मग पाय उचलून चालायला लागला. एक पाऊल, दुसरं, आणि पुढे कितीतरी. चाळीस वर्षं लाव्यांत काढलेल्या निशानबोयने लावा चालताना कसा दिसतो हे त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.