भिंतीवरचा फोटो

मेघना परब लग्नात असली की कुणाच्या लक्षातही यायची नाही. चांगल्या फोटोग्राफरचं लक्षण तेच, असं ती इतकी वर्षं धरून चालली होती. नवरीच्या मावशीला वाटायचं ही नवऱ्याकडची, नवऱ्याच्या काकाला वाटायचं ही नवरीची मैत्रीण. या सिझनला मात्र लोक तिला लग्नानंतरही विसरले. जुन्या गिऱ्हाइकांचे धाकट्या बहिणीच्या, चुलतभावाच्या लग्नाला हक्काने येणारे फोन आलेच नाहीत. डिलाईल रोडवरच्या तिच्याच चाळीतल्या एका मुलीने साखरपुड्याला ठाण्याचा फोटोग्राफर आणला, आणि वर मेघनालाच जेवायला बोलावलं.

मेघना जेवायला गेली. जेवण चांगलं होतं. दुसऱ्या दिवशी तिने इरावतीला फोन लावला.

इरावती कॉलेजातली मैत्रीण. दादरला हिंदू कॉलनीत राहायची, जाहिरातीच्या धंद्यात होती, आणि साबणापासून शाळांपर्यंत कुणालाही आपली ओळख कशी करून द्यावी ते शिकवायची. दोघी स्टेशनजवळच्या उडप्याकडे बसल्या. इरावतीने मेघनाचं इन्स्टाचं पान उघडलं आणि वरच्या नावावर अंगठा ठेवला.

"आता सांग, हे पान कुणाचं?"

मेघनाने पाहिलं. धुरातली नवरी, ड्रोनवरून मांडव, मेंदीच्या हातात अंगठ्या.

"माझं," ती म्हणाली.

"तुला माहितीये म्हणून. मला हे मुंबईतल्या कुठल्याही फोटोग्राफरचं वाटलं असतं."

मेघनाला लागलं. पण खोटं नव्हतं म्हणून तिने निमूटपणे इडलीचा तुकडा सांबारात बुडवला. "लोगो बदलू का? सोनेरी करून घेते."

"अजिबात नको. लोगो, रंग, नाव सगळं मागाहून. आधी हे शोधून काढ, की लोक तुझ्याकडेच का येतात. 'काम आवडलं का' असं विचारू नकोस, सगळे हो म्हणतात. विचार, मला फोन लावण्याआधी तुम्ही नेमकं काय बघितलंत?"

"आणि ते म्हणाले, तू स्वस्त आहेस म्हणून?"

"मग तेही कळू दे ना."

मेघनाने गिऱ्हाइकांना विचारायला सुरुवात केली. पहिले काही दिवस निव्वळ कंटाळवाणे गेले. एकजण म्हणाला, हॉलवाल्याने नंबर दिला. एक म्हणाली, तुम्ही बाई आहात म्हणून आईला बरं वाटलं. एकाला तर आठवतच नव्हतं.

मग माझगावहून प्रफुल्ल साळसकरचा फोन आला. गोदीत नोकरीला होता, बोलणं सावकाश. त्याला लग्नाबिग्नाचं काही नको होतं.

"मॅडम, आईचा फोटो काढायचाय. तसाच पाहिजे पण."

"तसाच म्हणजे?"

"नायगावच्या मीराबाईंचा आहे ना भिंतीवर. तसा."

मेघना कुणा मीराबाईला ओळखत नव्हती. तिने तसं सांगितलं. प्रफुल्ल म्हणाला, असं कसं, फोटो तुम्हीच काढलाय, घरच्यांनी तुमचंच नाव सांगितलं. त्याच आठवड्यात लालबागहून श्रेया नावाच्या मुलीचा फोन आला. तिला बाबांचा फोटो हवा होता. तुम्ही काय बघितलंत, असं मेघनाने विचारलं, तर तीही म्हणाली, "नायगावच्या आजींचा."

आता मात्र मेघनाला चैन पडेना. आपला एक फोटो नायगावात कुठल्याशा भिंतीवर आहे, तो लोकांना फोन करायला लावतोय, आणि आपल्यालाच तो ठाऊक नाही! हार्डडिस्कमधली सगळी फोल्डरं नवरा-नवरीच्या नावांची. आज्यांच्या नावाने कोण फोल्डर करतं? शेवटी तिने प्रफुल्लला परत फोन लावला. "त्या फोटोत काय दिसतं, एवढं सांगा."

"म्हातारी आहे. चष्मा कपाळावर सरकवलेला. तोंड उघडं आहे, काहीतरी बोलतेय. म्हणजे मॅडम, आपण दारात उभे राहिलो तर आपल्यालाच बोलतेय असं वाटतं."

चष्म्यावरून तिला आठवलं. नायगावच्या बीडीडी चाळीतल्या निलेशची हळद. गच्चीवर मांडव होता, उजेड बघायला तिने सहज चार फोटो काढले होते आणि नको असलेल्यांच्या ढिगात टाकले होते. तिने ढीग उपसला. सापडला. थोडा हललेला, मागे कुणाचा तरी अर्धा हात, आणि मधोमध ती म्हातारी. अल्बममध्ये तो घेतलाच नव्हता. निलेशने सगळे फोटो मागून घेतले होते, त्यात गेला असणार.

तिने निलेशला फोन केला. तो कामावर होता, पाठीमागे मशीनचा आवाज. "आजीचा तो फोटो... मी घरी येऊन बघू का?" एवढंच तिने विचारलं. भिंतीवर फोटो म्हणजे काय, हे का कुणाला सांगावं लागतं? कधी गेल्या, हे विचारायला तिची जीभ रेटेना.

"या की!" निलेश ओरडला. "घरात कोण ना कोण असतंच."

चाळ पाडायला घेतल्यापासून निलेशचं कुटुंब तिथून जवळच तात्पुरत्या मिळालेल्या खोलीत राहत होतं. जाताना मेघनाने दादरच्या फूलबाजारातून सोनचाफ्याचा हार घेतला. रिकाम्या हाताने कसं जायचं. पत्ता विचारत जिना चढून तिने दाराची कडी वाजवली, आणि दार मीराबाईंनीच उघडलं.

चष्मा कपाळावर. "कोण गे तू?"

मेघनाच्या हातातला हार बॅगेत कसा गेला ते तिचं तिलाच कळलं नाही. "मी... फोटोवाली. निलेशच्या हळदीला..."

"अगो बाय! ये, भुतूर ये. बस."

आत समोरच्या भिंतीवर दोन फोटो होते. एक तोच, मोठा करून चौकटीत घातलेला, हार नसलेला. शेजारी एका पुरुषाचा, जुना, काळपट, चंदनाच्या हाराचा. मीराबाई पाणी घेऊन आल्या आणि मध्येच थांबून त्यांनी नाक वर केलं.

"चाफ्याचो वास खयसून येता?"

मेघना लाल झाली. थाप मारायची तर कुठली मारायची? तिने बॅगेतून हार काढला. "आजी, चुकलं माझं. मला वाटलं की तुम्ही... भिंतीवर फोटो आहे असं कळलं, म्हणून."

म्हातारी क्षणभर हाराकडे बघत राहिली. मग अशी हसली, अशी हसली, की तिला खाटेवर बसावं लागलं. "माका हार घेऊन इलंस! आणि दार मीयाच उघडलंय!" डोळे पुसून तिने हार घेतला, तो देव्हाऱ्यात गणपतीला घातला आणि म्हणाली, "ह्येका चलता. माझो नंबर लागाक अजून वेळ आसा."

"पण मग फोटो आत्ताच का लावलात?"

मीराबाईंनी शेजारच्या फोटोकडे बोट केलं. "ह्ये आमचे. गिरणीत होते. गेले तेवा घरात फोटो नाय. गिरणीच्या पासावरचो काढून मोठो केलो. बघ, कसो दिसता? चोरी करताना धरल्यासारखो."

खरंच तसा दिसत होता. मान ताठ, डोळे फाकलेले.

"तसो नव्हतो गे माणूस. गमती करी, गाणी म्हणी. पण इतकी वर्सां मी ह्योच बघतंय. आता डोळे मिटलंय तरी ह्योच दिसता. खरो चेहरो खय गेलो, माका गावना नाय."

मेघना त्या फोटोकडेच बघत राहिली.

"म्हणून मी निलेशाक सांगलंय, माझो मीच निवडतलंय. सगळे बघलंय. ह्यो बरो वाटलो. येताजाता माणसां बघतत, इचारतत, मी तुझा नाव सांगतंय."

"आजी, यात तुम्ही कुणाशी बोलताय?"

"कुणाशी म्हणजे? तुझ्याशीच! सकाळपासून उभी होतंस, जेवलंस काय म्हणून इचारलंय. तू म्हणालंस, 'नाय गे आजी, पोटात कावळे ओरडतत,' आणि खटकन बटन दाबलंस."

मेघनाला त्यातलं काहीही आठवत नव्हतं. पण असं बोलता बोलता आपण किती जणांचे फोटो काढले असतील, याचा विचार करत ती जिना उतरली. घरी आल्यावर तिने तो नको असलेल्यांचा ढीग सगळा उघडला. त्यात कॅमेऱ्याशी नव्हे, तिच्याशी बोलणारी माणसं होती. आत्या, आचारी, बँडवाले, देवळातले गुरव. सगळी मधेच अडकलेली, एखादं वाक्य अर्धं तोंडात असलेली. अल्बमात यातलं एकही माणूस गेलं नव्हतं.

इरावतीने ते फोटो पाहिले आणि बराच वेळ अंगठ्याने सरकवत राहिली.

"आता नाव झाकायची गरज नाही," ती म्हणाली. "हे फक्त तुझं आहे. पण मेघना, हे विकायचं कसं गं? मरणानंतरचा फोटो आत्ता काढून घ्या, असं कुणाला सांगणार? कुणी दारातसुद्धा उभं करणार नाही."

"तूच सांग. तुझा धंदा आहे."

"मला माहीत नाही," इरावती सरळ म्हणाली. "साबणात असं कधी आलं नाही. तू आधी एक काढून तर बघ. त्या माझगाववाल्याच्या आईचा."

साळसकरांची खोली डॉकयार्डच्या मागच्या गल्लीत, जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर होती. प्रफुल्लची आई रमाबाई पदर डोक्यावरून घेऊन, नवी साडी नेसून, हात मांडीवर ठेवून भिंतीला पाठ लावून बसल्या होत्या. चेहरा दगडासारखा.

"आधारकार्डाला एवढा मोठा कॅमेरा लागतो का गं?" त्यांनी विचारलं.

मेघनाने प्रफुल्लकडे पाहिलं. तो खिडकीबाहेर बघायला लागला. म्हणजे याने आईला थाप मारली होती! आता दोन वाटा होत्या. त्याची थाप चालू द्यायची आणि दगडाचा फोटो घेऊन जायचं, नाहीतर खरं सांगून जोडे खायचे. तिने कॅमेरा खाली ठेवला.

"आधारकार्डासाठी नाही मावशी. भिंतीवर लावायचा फोटो आहे."

रमाबाईंनी मुलाकडे वळून पाहिलं. "मला पोचवायला निघालास होय रे?"

"आई, तसं नाही गं..."

मेघनाला काय सुचलं कोण जाणे. तिने विचारलं, "कुठल्या भिंतीवर लावायचा, मावशी?"

रमाबाईंनी खरोखरच खोलीभर नजर फिरवली. "ह्या नाही. इथं ओल येते." मग दुसरीकडे. "तिथं टीव्ही. सगळे टीव्हीच बघणार, माझ्याकडे कोण बघतंय." मग दारासमोरची जागा त्यांना पसंत पडली, तिथून जिना दिसतो म्हणून. पण तिथे प्रफुल्लच्या कंपनीचं कॅलेंडर होतं.

"ते काढ."

"आई, त्यात माझ्या ड्यूट्या लिहिल्यात."

"ड्यूट्या मोबाइलात लिही. मी गेल्यावर काय कॅलेंडराच्या मागे राहू?" म्हणत त्यांनी हात वर केला, पदर खांद्यावर आला, भुवया चढल्या आणि ओठांच्या कोपऱ्यात हसू फुटलं. मुलाला झापताना आईच्या तोंडावर जे येतं ते सगळं एकदम आलं. मेघनाने ते घेतलं.

तिने तो फोटो कॅमेऱ्याच्या पडद्यावर दोघांना दाखवला. रमाबाईंनी डोळे बारीक करून पाहिलं. "ही कजागच दिसते," त्या म्हणाल्या. प्रफुल्ल मात्र स्टूल आणून कॅलेंडर उतरवायला लागला.

खाली उतरल्या उतरल्या मेघनाने इरावतीला फोन केला. "नाव मिळालं. भिंतीवरचा फोटो. एवढंच. सगळ्यांना कळतं, आणि कुणाला काही बोलावं लागत नाही."

इरावती पलीकडे हळूच पुटपुटली, तेच शब्द, दोनदा. "आणि त्याखाली विचारायचं, कुठल्या भिंतीवर?"

"बरोब्बर."

इरावतीने लग्नाचं काम वेगळ्या पानावर हलवायला लावलं. एकाच पानावर नवरी आणि आजी नकोत, दोघींचाही गोंधळ होतो, असं तिचं म्हणणं. नव्या पानावर आधी एकच फोटो गेला, मीराबाईंचा, त्यांना विचारून. पहिल्या दिवसांत शिव्याच जास्त आल्या. कुणी अशुभ म्हणालं, कुणी विचारलं की लाज वाटत नाही का. डिसेंबरच्या लग्नाचं एक घर तर सरळ मागे फिरलं. तुमच्या हाताचे फोटो आमच्या शुभकार्यात नको, म्हणाले. मेघनाला दोन दिवस जेवण गेलं नाही. इरावती म्हणाली, जे आपल्याकडे येणार नाहीत ते कोण, हे कळणंही कामाचंच असतं. मेघनाने तिला फोनवर एक शिवी दिली. पण पान बंद केलं नाही. लालबागच्या श्रेयाच्या बाबांचा फोटो झाला. मग त्यांच्या शेजाऱ्यांचा. सावकाश, एकेक करून माणसं येत गेली.

एका सकाळी गिरगावातून फोन आला. बाईचा आवाज, ठसठशीत.

"मी नलू पंडित. फोटो काढायचाय."

"आईंचा का?"

"नाही, माझाच. बेचाळीसची आहे, ठणठणीत आहे."

मेघना आता हा प्रश्न सवयीने विचारायची, पण या खेपेला तिला उत्तर खरोखरच हवं होतं. "मग आत्ताच का?"

"मला मूलबाळ नाही, भावंडं नाहीत. माझा फोटो पुढे कोण लावणार आणि कोण बघणार? म्हटलं आपणच लावावा, आपणच बघावा. दिवाणखान्यात, माझ्या खुर्चीसमोर. विचित्र वाटतं का हो?"

"नाही," मेघना म्हणाली. तिने बॅग खांद्याला लावलीही होती. "पण मी आल्यावर मला एक सांगा. समोर बसून तुम्ही त्या फोटोतल्या बाईशी काय बोलणार आहात?"

पलीकडे नलू पंडित हसली. "या तर खरं. तेच मलाही बघायचंय."